वयात येणाऱ्या मुलाची उंची: ताट, झोप आणि उंचीची वही

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वस्तीजवळच्या मैदानावर पहाटेपासून पोरे धावू लागतात. याच दिवसांत आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, पोरगा १९ वर्षांचा आहे. धावण्यात पहिला येतो, पण उंची दोन सेंटीमीटर कमी भरते. काही औषध आहे का?" महाराष्ट्रात पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण ५ फूट ५ इंच असावी लागते. दोन सेंटीमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे अंतर. तेवढ्यासाठी घरातली एक नोकरी हुकते.

आमचे खरे उत्तर ऐकायला कडू आहे. १९ व्या वर्षी बहुतेक मुलांची उंची वाढायची थांबलेली असते आणि ती पुन्हा सुरू करणारे औषध कोणाकडेच नाही. पण त्याच घरात ११-१२ वर्षांचा धाकटा भाऊ असेल, तर त्याच्यासाठी पुष्कळ काही करता येते. म्हणून हा लेख १९ वर्षांच्या मुलांपेक्षा १० ते १६ वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांसाठी आहे.

उंची वाढते कशी?

हातापायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कुर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पातळ पट्टी असते. तिला आपण वाढीची पट्टी म्हणू. या पट्टीत नव्या पेशी तयार होतात, त्यांचे हाड बनते आणि हाड लांब होते. ही पट्टी जोपर्यंत उघडी आहे, तोपर्यंतच उंची वाढते. मुलगा वयात आला की शरीरातल्या संप्रेरकांमुळे आधी ही वाढ जोरात होते आणि पुढे त्याच संप्रेरकांमुळे पट्टीचे पक्के हाड होऊन ती बंद होते. बहुतेक मुलांमध्ये हे १६ ते १८ वर्षांच्या दरम्यान होते, काहींमध्ये थोडे उशिरा. पट्टी बंद झाल्यावर लोंबकळून, दोरीउड्या मारून किंवा पावडर खाऊन हाड लांब होत नाही.

वयात येण्याआधी मुलगा वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढतो. मुलगे साधारणपणे ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान कधीतरी वयात येऊ लागतात. पहिली खूण म्हणजे वृषण (अंडकोशातल्या गोळ्या) मोठे होणे. मग जांघेत केस येतात, पुढे आवाज फुटतो, मिसरूड फुटते. उंचीची खरी झेप सुरुवातीला नसते, ती मधल्या काळात येते. बहुतेक मुलांमध्ये १३ ते १५ वर्षांच्या दरम्यान एक वर्ष असे येते की त्या एका वर्षात ९-१० सेंटीमीटर उंची वाढते. वयात येण्याच्या संपूर्ण काळात मिळून साधारण २५ ते ३० सेंटीमीटर वाढ होते. झेप सुरू होताना आधी पाय वाढतात. सहा महिन्यांत चप्पल लहान होऊ लागली, तर समजा की तुमच्या घरात ते वर्ष आले आहे.

याच काळात पोराची भूक वाढते. "किती खातो हा!" असे म्हणून त्याला टोकू नका. त्याचे शरीर त्या काळात खरेच तेवढे मागत असते.

आईवडील ठेंगणे असतील तर?

उंचीत वंशाचा वाटा मोठा असतो. मुलाच्या उंचीचा ढोबळ अंदाज काढायची डॉक्टरांची एक सोपी रीत आहे. वडिलांची आणि आईची उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, त्यांची बेरीज करा, त्यात १३ मिळवा आणि आलेल्या आकड्याचे निम्मे करा. समजा वडील १६२ आणि आई १५० सेंटीमीटर आहेत. बेरीज ३१२, अधिक १३ म्हणजे ३२५, त्याचे निम्मे १६२.५. या आकड्याच्या साधारण ८ सेंटीमीटर वर किंवा खाली मुलगा जाऊ शकतो. म्हणजे या घरातला मुलगा १५५ च्या आसपासही थांबू शकतो आणि १७० पर्यंतही पोहोचू शकतो. तो यात कुठे पोहोचेल, हे बऱ्याच अंशी त्याला मिळणारे अन्न, त्याला होणारे आजार आणि त्याची झोप यांवर ठरते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मागच्या पिढ्यांनी दुष्काळ पाहिला, अर्धपोटी मजुरी केली. ज्या आईवडिलांना लहानपणी पोटभर मिळाले नाही, त्यांची उंची त्यांच्या वंशाने ठरवली तेवढी झालेलीच नसते. अशा घरात हा हिशेब मुलाची उंची कमी दाखवू शकतो. म्हणून "आमच्यात सगळे बुटकेच" हे वाक्य घरातून काढून टाका. बुटकेपणा एखाद्या जातीच्या रक्तात नसतो. पिढ्यान्पिढ्यांची उपासमार मात्र अंगावर दिसते.

लहानपणचे, विशेषतः पहिल्या दोन वर्षांतले कुपोषण पुढे पूर्ण भरून निघत नाही, हेही खरे आहे. तरीही वयात येण्याचा काळ ही वाढीची दुसरी मोठी संधी असते. ती वाया जाऊ नये.

उंचीची वही करा

वाढ नीट होते की नाही, हे एकदा मोजून कळत नाही. पुन्हा पुन्हा मोजावे लागते. दर सहा महिन्यांनी मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा.

मोजण्याची रीत अशी: मुलाला अनवाणी, सपाट फरशीवर, भिंतीला पाठ लावून उभे करा. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, गुडघे सरळ, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवे ठेवा, पुस्तकाची एक कड भिंतीला चिकटलेली असू द्या. पुस्तकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलने खूण करा आणि फरशीपासून खुणेपर्यंत टेपने मोजा. दरवेळी एकाच वेळेला मोजा. दिवसभर उभे राहून मणक्यांमधल्या गाद्या दबतात, त्यामुळे सकाळी मोजलेली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर जास्त भरते. लोंबकळल्यावर "वाढलेली" उंची हीच असते. ती काही वेळात परत जाते.

विहाराच्या किंवा अभ्यासिकेच्या भिंतीवर एक मोजपट्टी रंगवून घेतली, तर वस्तीतल्या सगळ्या मुलामुलींची सोय होते. खर्च एका छोट्या रंगाच्या डब्याचा आहे.

ताटात काय हवे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने लागतात आणि १६ ते १८ वर्षांच्या मुलाला सुमारे ५५ ग्रॅम. कॅल्शियम रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागते. हे आकडे पाहून घाबरू नका. आपल्या स्वयंपाकघरातला हिशेब करून पाहू.

ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत सुमारे ५ ग्रॅम प्रथिने असतात. दिवसाच्या ४ भाकऱ्यांचे २० झाले. घट्ट वरण किंवा मटकी, चवळी, हरभऱ्याच्या उसळीच्या दोन वाट्या, त्यांचे १२ ते १४. एका अंड्याचे ६. मूठभर शेंगदाण्यांचे ७. बेरीज ४५ च्या पुढे गेली. महागडा डबा कुठेच लागला नाही. पण वरणाऐवजी पातळ पाणी असेल, उसळीऐवजी लोणचे असेल आणि अंडे नसेल, तर हीच बेरीज निम्म्यावर येते. पोट भरते, पण हाडाला लागणारा माल मिळत नाही.

पैसे कमी असतील तर सोयाबीनच्या वड्या घ्या. ३० ग्रॅम कोरड्या वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिने असतात. भाजीत, भातात कशातही पडतात. आठवड्यातून एकदाच मटण-चिकन मोठ्या प्रमाणात करण्यापेक्षा त्याच पैशात रोज एक अंडे परवडते का, हा हिशेब जरूर करा. वाढीला रोजचे लागते. वजडी, कलेजी, सुकट, जवळा, बोंबील हे आपल्या घरांत पूर्वापार खाल्ले जाणारे पदार्थ आहेत. त्यांची लाज वाटून ते सोडू नका. कलेजीत लोह भरपूर असते आणि सुकट-जवळ्यासारखी काट्यासकट खाल्ली जाणारी छोटी मासळी कॅल्शियम देते.

कॅल्शियमसाठी दूध परवडले तर चांगलेच. एका पेल्यात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. नाचणीच्या एका भाकरीत दीडशेच्या पुढे आणि दोन चमचे तिळाच्या चटणीत शंभराच्या आसपास. शेवग्याचा पाला तर वस्तीच्या कडेला फुकट मिळतो. तो पिठल्यात, वरणात, थालिपिठात घाला.

सकाळी चहा-खारी किंवा चहा-टोस्ट खाऊन पोर शाळेत जाते, हे बदलले पाहिजे. रात्रीची भाकरी आणि चटणी, शेंगदाण्याचा कूट घातलेले पोहे किंवा उकडलेले अंडे हे चहा-खारीपेक्षा कितीतरी चांगले. चहा जेवणाबरोबर देऊ नका, एक तास मागेपुढे ठेवा. चहामुळे जेवणातले लोह अंगी लागत नाही. त्याउलट लिंबू पिळले किंवा आवळा खाल्ला, तर ते जास्त शोषले जाते.

आठवीनंतरची पोकळी

शाळेत मिळणारा पोषण आहार आठवीपर्यंत असतो. सहावी ते आठवीच्या मुलाला त्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. नववीत गेल्यावर तो बंद होतो. आता वय पाहा. नववीतला मुलगा १४ वर्षांचा असतो आणि त्याची उंचीची झेप नेमकी तेव्हाच चालू असते. ज्या वर्षी शरीर सगळ्यात जास्त मागते, त्याच वर्षी दिवसाचे एक जेवण कमी होते. आई कामावर, वडील कामावर, घरी डबा करायला कोणी नाही, आणि पोर दुपारी वडापाववर किंवा पाकिटातल्या कुरकुऱ्यांवर भागवते.

ही पोकळी आपल्याला घरात भरून काढावी लागेल. नववीत जाणाऱ्या मुलाचा डबा हा दप्तरापेक्षा आधीचा खर्च समजा. भाकरी किंवा पोळी, सुकी उसळ, आणि सोबत शेंगदाणे-गूळ किंवा एक अंडे, एवढे पुरे. मुलाला स्वतःचा डबा भरायला आणि अंडे उकडायला शिकवा. पोळी-भाजी करणे हे फक्त आईचे आणि बहिणीचे काम नाही. आणि मुलगा आठवीच्या आत असेल, तर शाळेतला आहार रोज मिळतो का, पुरेसा असतो का, हे शाळा व्यवस्थापन समितीत जाऊन विचारा. त्या समितीत पालकच बहुसंख्येने असतात.

जंत, रक्त आणि पाणी

खाल्लेले अंगी लागले नाही तर ताट भरून उपयोग नाही. १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत आणि अंगणवाडीत जंतनाशक गोळी मोफत मिळते. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट हे त्याचे राष्ट्रीय दिवस आहेत, तारीख कधी मागेपुढे होते. त्या दिवशी मूल शाळेत नसेल, तर आशाताईंकडे मागा.

रक्त कमी असणे हा फक्त मुलींचा प्रश्न आहे, असा गैरसमज आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलग्यांमागे सुमारे ३१ जणांचे रक्त कमी आढळले. १० ते १९ वयातल्या मुलामुलींसाठी सरकारची लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा असते. ती जेवणानंतर घ्यायची. शौचाला काळे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पुष्कळ मुले गोळी खिशात घालून बाहेर फेकतात. घरी विचारा, समजावून सांगा.

वारंवार जुलाब होणारे मूल वाढत नाही. प्रत्येक जुलाबात आठवड्याचे खाणे वाया जाते. पिण्याचे पाणी गाळून, उकळून झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा, आणि शौचाहून आल्यावर व जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय मोठ्या मुलांनाही लावा.

झोप, ऊन, खेळ आणि काम

वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत जास्त सुटते. १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप हवी. एका खोलीच्या घरात हे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. टीव्ही चालू, दिवा चालू, कोणी रात्रपाळीहून येतो. तरी दोन गोष्टी करता येतात: रात्री दहानंतर मुलाच्या हातातला मोबाइल काढून घेणे आणि टीव्हीचा आवाज बंद करणे. दहावीचे वर्ष असले तरी झोप कापू नका.

अरुंद गल्ल्यांत ऊन उतरत नाही. हाडाला कॅल्शियम लागायचे तर ड जीवनसत्त्व हवे आणि ते त्वचेला ऊन लागल्यावर तयार होते. रोज अर्धा तास हातपाय उघडे ठेवून मोकळ्या उन्हात खेळू द्या. कबड्डी, खो-खो, धावणे, उड्या, कोणताही खेळ चालेल. खेळाने हाड मजबूत होते, भूक लागते, झोप येते. व्यायामशाळेत जाणाऱ्या १४-१५ वर्षांच्या मुलाने जाणकाराच्या देखरेखीखाली हलके वजन उचलले तर उंची खुंटत नाही. पण पैजेवर जड वजन उचलताना वाढीच्या पट्टीला इजा होऊ शकते.

सिमेंटची पोती वाहणे, वीटभट्टी, भंगार, केटरिंगच्या रात्रपाळ्या यांत मुलाचे अन्न आणि झोप दोन्ही खर्ची पडते. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणे आणि १८ वर्षांखालच्या मुलाला धोक्याच्या कामाला लावणे हा गुन्हा आहे. तंबाखू, मावा, खर्रा, विडी यांनी भूक मरते. पोर बारा वर्षांचे असतानाच यावर स्पष्ट बोला, आणि आधी मोठ्यांनी स्वतःचा खिसा रिकामा करा.

पावडर, गोळ्या आणि इंजेक्शने

"तीन महिन्यांत चार इंच" असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलवर रोज येतात. उंची बदलण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. म्हणजे जो असा दावा करून विकतो, तो पहिल्याच पायरीवर कायदा मोडतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. त्या डब्याच्या पैशात कित्येक महिन्यांची अंडी येतात.

दोन गोष्टी तर घातक आहेत. काही ठिकाणी "अंग भरण्यासाठी" म्हणून डेक्सामेथासोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. चेहरा गुबगुबीत होतो, भूक वाढते, आईला बरे वाटते. पण जास्त दिवस घेतल्यास याच गोळ्या उंची खुंटवतात. अशी गोळी चालू असेल तर मनानेच एकदम बंदही करू नका, सरकारी दवाखान्यात दाखवून हळूहळू बंद करा. दुसरे म्हणजे व्यायामशाळेत मिळणारी शरीर कमावण्याची हार्मोनची इंजेक्शने. ती वाढीची पट्टी वेळेआधी बंद करतात. दंड फुगतात, उंची कायमची थांबते. दमा, किडनी अशा आजारांसाठी डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र वेगळे. ते बंद करू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वहीत वर्षभरात ४ सेंटीमीटरपेक्षा कमी वाढ दिसली, १४ पूर्ण होऊनही वयात येण्याची एकही खूण नसली, ९ वर्षांच्या आतच खुणा दिसू लागल्या, किंवा मुलगा वर्गातल्या सगळ्यांपेक्षा फारच मागे पडला, तर दाखवावे. वारंवार जुलाब, सतत थकवा, लांबलेला खोकला, वजन घटणे ही लक्षणे सोबत असतील तर थांबू नका. क्षय, थायरॉइड, किडनी, आतड्याचे आजार यांनी वाढ थांबते आणि वेळेवर उपचार मिळाले तर ती पुन्हा सुरू होते.

विदर्भातल्या आपल्या वस्त्यांसाठी एक विशेष सूचना. आपल्या समाजात तिथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात मुलांची वाढ आणि वयात येणे दोन्ही लांबते. मुलाचे सांधे-हाडे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

काही मुले आजार नसतानाही उशिरा वाढतात. बहुधा वडील किंवा मामाही तसेच उशिरा वाढलेले असतात. डॉक्टर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून वाढीची पट्टी किती उघडी आहे ते सांगू शकतात. वाढीच्या हार्मोनची इंजेक्शने ठराविक आजारांतच आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच दिली जातात. मुलाला शरीराबद्दल संकोच असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या किशोरवयीनांच्या 'मैत्री' क्लिनिकमध्ये त्याला एकट्याने बोलता येते.

बहिणीचे ताट

मुलीची उंचीची झेप मुलापेक्षा साधारण दोन वर्षे आधी, ११-१२ च्या सुमारास येते. पाळी सुरू झाल्यावर तिची उंची थोडीच वाढते. म्हणजे तिच्याकडे वेळ कमी असतो. मुलाला अंडे आणि मुलीला नुसते कालवण, असे ज्या घरात होते तिथे समतेच्या गोष्टी भिंतीवरच राहतात. अंडी दोन आणा. एकच परवडत असेल तर अर्धे अर्धे करा.

आणि शेवटी मुलांशी बोलताना सांभाळा. सगळे करूनही काही मुले १६० सेंटीमीटरवर थांबतील. त्यात त्यांचा दोष नाही. तलाठी, शिक्षक, लिपिक, आरोग्यसेवक आणि अशा बहुतेक पदांना उंचीची अट नसते. मुलगा १४ चा असतानाच त्याच्या उंचीचा अंदाज आपल्या हातात असेल, तर भरतीसोबत दुसऱ्या वाटेचीही तयारी वेळेत सुरू करता येते.

या महिन्यात एवढे करा: घरातल्या १० ते १६ वयाच्या प्रत्येक मुलामुलीची उंची मोजा, तारीख टाकून वहीत लिहा, आणि शेजारच्या एका घरालाही मोजायला शिकवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वाढ कमी दिसली, तर ती वही घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.